फॉर्मलिनची सद्दी

जुलै २०१८ मध्ये गोव्यात मासळीवरून मोठा गदारोळ झाला. मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या माशांत फॉर्मलिन सापडल्याची बातमी आली. पाठोपाठ ते प्रमाण मर्यादेतच असल्याचा सरकारी खुलासा आला आणि त्या खुलाशावर कुणी विश्वास ठेवायला तयार होईना. अखेर बाहेरून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घालावी लागली. फॉर्मलिनमधलं मूळ रसायन, म्हणजे फॉर्माल्डिहाइड, समुद्री माशांच्या काही जातींत मेल्यानंतर आपोआपही तयार होतं, आपल्या स्वतःच्या रक्तातही लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम असतंच, असल्या बारकाव्यांना त्या दिवसांत विचारतो कोण? मढं टिकवायचं औषध ताटात नको, एवढं लोकांना पक्कं कळलं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नव्हतं.

मासळीच्या निमित्ताने का होईना, हे नाव घरोघरी पोचलं. पण ज्या द्रवाचा अंशही जेवणात नको म्हणून बाजार बंद पडतो, तोच द्रव इस्पितळांत रोज कॅनमधून ओतला जातो, आणि त्याबद्दल ओरड सोडा, साधी कुजबुजही ऐकू येत नाही. स्तनातली गाठ असो, आतड्यातून दुर्बिणीने घेतलेला चिमूटभर तुकडा असो, काढलेलं गर्भाशय असो की तंबाखू खाणाऱ्याच्या गालातला पांढरा चट्टा असो, शरीरातून बाहेर पडल्यावर त्याचा पहिला मुक्काम फॉर्मलिनच्या बरणीत. तालुक्याच्या गावांत ही बरणी अजूनही नातेवाइकांच्याच हाती देतात. झाकणाला चिकटपट्टी, वर दोन कॅरीबॅगा, आणि एसटीत मांडीवर घेऊन तो ऐवज जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोचवायचा. आत काय आहे हे त्यांना माहीत असतं, कशात आहे हे नसतं.

प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ, विकृतिशास्त्राचे विद्यार्थी आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नमुने भरून पाठवणाऱ्या सिस्टर यांच्यासाठी हे पुस्तक आहे. फॉर्मलिनच्या जागी काय वापरता येईल, त्यातलं काय तपासून झालंय आणि काय अजून कागदावरच आहे, याची मांडणी पुढच्या प्रकरणांत येईल. प्रस्तावनेत मला वाचकाच्या मनातली एक समजूत आधीच ढिली करायची आहे. ‘फॉर्मलिन विषारी आहे, तेव्हा बिनविषारी द्रव शोधा आणि बाटली बदला’ इतकं हे सोपं असतं, तर ते कधीच होऊन गेलं असतं. सव्वाशे-दीडशे वर्षांत या द्रवाभोवती एक अख्खं शास्त्र वाढलं आहे. बाटली बदलायला गेलं की त्या शास्त्राच्या भिंती हलतात.

गोष्ट सुरू होते फ्रँकफुर्टमध्ये. फर्डिनांड ब्लुम या तरुण डॉक्टरकडे फॉर्माल्डिहाइडची जंतुनाशक म्हणून चाचणी घेण्याचं काम आलं होतं. हा वायू रसायनशास्त्रज्ञांना नवा नव्हता. रशियाच्या बुत्लेरोव्हने तो १८५९ मध्येच नकळत तयार केला होता आणि पुढे जर्मनीच्या होफमानने त्याची नीट ओळख पटवली होती. ब्लुम त्याच्या पाण्यातल्या द्रावणात जंतू मरतात का ते पाहत होता. दिवसभर त्या द्रावणात हात घालून त्याच्या लक्षात आलं की आपल्याच बोटांची कातडी कडक, चिवट झाली आहे, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या ऊतींसारखी. मग त्याने मुद्दाम ऊतींवर प्रयोग केले आणि १८९३ मध्ये ते प्रसिद्ध केले. बाजारात मिळणाऱ्या तीव्र द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, हे त्याचं प्रमाण आज आपल्या लॅबच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर जसंच्या तसं आहे. त्यालाच आपण दहा टक्के फॉर्मलिन म्हणतो. प्रत्यक्षात त्यात फॉर्माल्डिहाइड चार टक्क्यांच्या आसपास असतं, कारण ड्रममधलं मूळ फॉर्मलिनच सदतीस ते चाळीस टक्क्यांचं. विद्यार्थी तोंडी परीक्षेत हमखास अडतात ते इथे.

नव्याने आलेलं फॉर्मलिन त्या काळात बरंच सौम्य वाटलं असणार. आधी होतं काय, तर स्पिरिट, जे महाग पडायचं, पेट घ्यायचं आणि ऊती आक्रसून टाकायचं. शिवाय पाऱ्याचे क्षार, क्रोमिक आम्ल, ऑस्मियम. झेंकरचं पाऱ्याचं द्रावण १८९४ चं, बुआंचं पिक्रिक आम्लाचं १८९७ चं, म्हणजे फॉर्मलिनच्याच पिढीतली. पिक्रिक आम्ल सुकलं की स्फोटक बनतं आणि पारा गटारात गेला की कुठे कुठे पोचतो हे सांगायला नको. अशा गोतावळ्यात फॉर्मलिन स्वस्त होतं, पेटत नव्हतं, तुकडा त्यात महिनोन्महिने विसरला तरी चालायचं. अशा गुणांवर एखादं रसायन जिंकतं, तेव्हा त्याचे अवगुण मोजायला कुणाला घाई नसते.

ते नेमकं करतं काय? शरीराबाहेर पडलेल्या पेशी स्वतःच्याच विकरांनी स्वतःला पचवू लागतात आणि जंतू त्यांना मदत करतात. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांवर, विशेषतः लायसिनसारख्या अमिनो आम्लांच्या मोकळ्या टोकांवर जाऊन बसतं आणि शेजारच्या साखळीशी कार्बनच्या एका अणूचा पूल बांधतं. असे असंख्य पूल झाले की विकरांचं काम थांबतं आणि पेशीचा आकार होता तिथे गोठतो. यालाच फिक्सेशन म्हणतात. पण पूल बांधण्याची ही क्रिया संथ आहे. द्रव ऊतींत शिरतो त्या मानाने लवकर, पहिल्या तासात साधारण एक मिलिमीटर, पुढे त्याचा वेग मंदावत जातो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. आणि शिरला म्हणजे फिक्सेशन झालं असंही नाही. पूल पुरेसे बांधले जायला त्यावर आणखी कित्येक तास जावे लागतात.

हा हिशेब कागदावर समजत नाही, तो ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुने कापून पाहण्याच्या, टेबलावर समजतो. सकाळी बादलीचं झाकण उघडलं, आत पूर्ण स्तन. आदल्या दुपारी काढलेला, तसाच्या तसा, एकही छेद न देता बादलीत बुडवलेला. बाहेरून तो करडा, रबरासारखा घट्ट. सुरी मधोमध घातली की पहिलं बोटभर मांस तसंच करडं लागतं आणि मग अचानक आतला भाग लालसर, बुळबुळीत, सुरीला चिकटणारा. गाठ बसलेली असते नेमकी तिथे. बाहेरच्या भागात फिक्सेशन झालंय, आत रात्रभर पेशींनी स्वतःला खाल्लंय. त्याच गाठीवर दोन दिवसांनी हार्मोनच्या ग्राहकांची तपासणी होणार, त्यावर गोळी द्यायची की नाही हे ठरणार. या दोषाचं खापर फॉर्मलिनवर फोडता येत नाही. स्तन काढल्याबरोबर पाच-पाच मिलिमीटरवर छेद देऊन, नमुन्याच्या दहापट द्रवात ठेवला असता तर हे टळलं असतं. पण पर्यायाचा विचार करताना हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवावं. आपल्याकडे फॉर्मलिनचा वापर भरपूर आहे, चांगला वापर कमी आहे.

त्यातच पाण्याची गोष्ट. बऱ्याच ठिकाणी फॉर्मलिन नळाच्या पाण्यात पातळ करतात, फॉस्फेटचे क्षार घालत नाहीत. मग ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि रक्ताळलेल्या ऊतींवर तपकिरी-काळी पूड बसते. नवशिक्याला ती मलेरियाचं रंगद्रव्य वाटू शकते. बाटलीच्या तळाशी साचलेला पांढरा गाळ हाही असाच नेहमीचा सोबती. ते फॉर्माल्डिहाइडच साखळ्या बांधून खाली बसलेलं असतं.

आता अपायाकडे. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, हातांना खाज, काहींना दमा, हे त्रास लॅबमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतात आणि प्रत्येक जण ते ‘सवय होईल’ म्हणून सोडून देतो. कर्करोगाचा संशय उंदरांपासून सुरू झाला. १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फॉर्माल्डिहाइडची वाफ हुंगायला लावलेल्या उंदरांच्या नाकात कर्करोग आढळले. मग कारखान्यांतल्या कामगारांची पाहणी झाली, शव टिकवण्याच्या व्यवसायातल्या लोकांची झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों इथल्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आधार होता नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचा. २००९ मध्ये त्यात रक्ताच्या कर्करोगाची भर पडली. युरोपीय संघात २०१६ पासून ते अधिकृतपणे कर्करोगकारक आहे आणि कामाच्या जागी हवेत किती चालेल याची मर्यादा तिथे दहा लाखांत ०.३ भाग एवढी आणली आहे. अमेरिकेची कायदेशीर मर्यादा अजून ०.७५ वर आहे. एकाच रसायनाबद्दल दोन प्रगत प्रदेशांच्या मर्यादांत अडीच पटींचा फरक असावा, यावरून या मर्यादांमागे शास्त्राइतकाच उद्योगांचा आणि तडजोडींचा हात असतो हे उघड आहे.

नाकावर मात्र मुळीच विसंबू नये. फॉर्मलिनचा वास किती प्रमाणाला जाणवतो यात माणसागणिक मोठा फरक असतो. काहींना तो येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते आणि खोलीत काही वेळ काढला की नाक वासाला सरावतं. ‘आता वास गेला’ असं जो म्हणतो, त्याचं बहुतेक वेळा नाक गेलेलं असतं, वास तिथेच असतो.

हा वास कुणाच्या वाट्याला येतो, हेही या विषयातच मोडतं. शल्यविशारद गाठ काढून हात धुतो. विकृतितज्ज्ञ ग्रॉसिंगला तासभर उभा राहतो आणि मग सूक्ष्मदर्शकाकडे जातो. ड्रममधून कॅनमध्ये, कॅनमधून बरण्यांत फॉर्मलिन ओततात ते मामा. महिनाभर जपून ठेवलेल्या बादल्या रिकाम्या करायचं काम मावशींकडे. नमुन्यांची खोली बहुधा मागच्या बाजूला, जिन्याखाली, एका पंख्याच्या भरवशावर. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम टाकून द्यायच्या फॉर्मलिनला पिवळ्या वर्गातल्या रासायनिक द्रव कचऱ्यात धरतात. ते वेगळं गोळा करून त्यावर प्रक्रिया केल्याशिवाय इतर सांडपाण्यात सोडायचं नाही. नियम चांगला आहे. बेसिनच्या तोटीने मात्र तो वाचलेला नसतो. आणि हो, ऑपरेशन थिएटर निर्जंतुक करायला शनिवारी रात्री फॉर्मलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकून धूर करायची जुनी पद्धत अनेक ठिकाणी अजून पुरती सुटलेली नाही. सोमवारी सकाळी डोळे पुसत पुसत थिएटर उघडणाऱ्यांना कर्करोगकारक पदार्थांची यादी वाचून दाखवायची गरज नाही, त्यांना ती पाठ असते.

पर्याय म्हणून पुढे आलेल्या द्रवांत सगळ्यात जुनं घराणं अल्कोहोलचं. ते पूल बांधत नाही. ऊतीतलं पाणी ओढून घेतं आणि प्रथिनं जागच्या जागी घट्ट करतं. याचा मोठा फायदा जनुकांच्या तपासणीत. फॉर्मलिनमधल्या ऊतींत डीएनएचे तुकडे पडतात आणि सायटोसिनची अक्षरं बिघडतात. मग जनुकक्रम वाचताना जे उत्परिवर्तन रुग्णात नाहीच, ते अहवालात दिसू लागतं. अल्कोहोलमध्ये हे फार कमी होतं. अमेरिकेत मायामी विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये मिथेनॉल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांचं एक मिश्रण मांडलं. युरोपात पॅक्सजीन नावाची दोन डब्यांची पद्धत आली, एकात फिक्सेशन आणि दुसऱ्यात साठवण. रंगाई चांगली होते, आरएनएही शाबूत राहतो.

पण ‘बिनविषारी’ हे बिरूद इथे जपून लावावं. मिथेनॉल म्हणजे तेच, ज्याने २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूकांडात शंभरावर माणसं मारली. इथेनॉल त्या मानाने साधं, पण पेट घेणारं, आणि महाराष्ट्रात लॅबला ते कायदेशीर मिळवायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, साठ्याची नोंदवही, तपासणी आली. सरकारी लॅबमध्ये स्पिरिटचं कपाट कुलूपबंद असतं आणि फॉर्मलिनचा ड्रम दाराला टेकवून उघडा असतो, यामागची कारणं सांगायला विकृतितज्ज्ञ लागत नाही. शास्त्राच्या बाजूने पाहिलं तरी अल्कोहोलमध्ये ऊती आक्रसतात, पेशींभोवती फटी पडतात, केंद्रकं वेगळी दिसतात. वाईट दिसतात असं नाही. वेगळी दिसतात. तेवढं वेगळेपण निदान डळमळायला पुरतं.

माझ्या मते आजच्या घडीला जास्त गंभीरपणे घ्यावा असा द्रव आहे ग्लायॉक्सल. हा फॉर्माल्डिहाइडचाच भाऊबंद, दोन अल्डिहाइड गट पाठीला पाठ लावून जोडलेले. कापड आणि कागदाच्या उद्योगात तो पूर्वीपासून आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे पाण्यात तो पाण्याशीच जोडून राहतो, हवेत उडत नाही. वासच नाही म्हणजे नाकामागच्या घशापर्यंत पोचण्याचा मुख्य रस्ता बंद. ग्लायॉक्सलची तयार द्रावणं अमेरिकेत बरीच वर्षं विकली जात आहेत. तरीही ती सगळीकडे पसरली नाहीत, कारण ती आम्लधर्मी होती. आम्लाने लाल रक्तपेशी फुटतात, त्यांच्या जागी नुसत्या पोकळ कडा उरतात. त्याहून वाईट म्हणजे कॅल्शियम विरघळतं. स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत जे चुन्याचे कण पाहून बायोप्सी केली, तेच स्लाइडवर सापडत नाहीत. मग रेडिओलॉजिस्ट विचारतो, ‘बरोबर जागेचा तुकडा घेतलात ना?’

इटलीत तोरिनोच्या जानी बुस्सोलाती यांच्या गटाने २०१७ मध्ये यावर तोडगा मांडला. आयन अदलाबदल करणाऱ्या रेझिनमधून ग्लायॉक्सल काढून त्यातलं आम्ल बाजूला केलं आणि द्रावण उदासीन केलं. अशा ग्लायॉक्सलमध्ये ऊतींचं चित्र फॉर्मलिनइतकंच ओळखीचं राहिलं, प्रतिपिंडांच्या चाचण्या जमल्या आणि डीएनए फॉर्मलिनपेक्षा लांब तुकड्यांत हाती आला. हे वाचून एकदम हुरळून जाऊ नये. ग्लायॉक्सल कातडीला ॲलर्जी आणू शकतं आणि युरोपच्या यादीत ते संशयित उत्परिवर्तक आहे. म्हणजे हातमोजे सुटत नाहीत. पण हाताला लागणारं विष आणि श्वासातून जाणारं विष यांत फरक करावाच लागतो. हातमोजे घालता येतात, आठ तास श्वास रोखता येत नाही.

आणि मग गूळ. हसू नका. २०१३ मध्ये बेंगळुरूतल्या मुखविकृतिशास्त्राच्या अभ्यासकांनी मध, साखरेचा पाक आणि गुळाचं पाणी यांत ऊती ठेवून त्यांची फॉर्मलिनशी तुलना केली आणि तिघांत गूळ सरस ठरला. मधावरचं काम त्याआधीही परदेशांत झालं होतं. यामागचं रसायन साधारण असं मानलं जातं, की आम्लधर्मी द्रावणात फ्रुक्टोजसारख्या शर्करा तुटून अल्डिहाइडं बनतात आणि ती प्रथिनांना धरतात. म्हणजे फॉर्मलिनच्या तत्त्वाचाच हा सौम्य, घरगुती अवतार. स्लाइडची छायाचित्रं पाहिली तर थक्क व्हायला होतं. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाईत थरांची ओळख पटते, केंद्रकं ठसठशीत दिसतात.

तरी कोल्हापूरकरांनी भेल्या घेऊन लॅबच्या दारात यायला अजून वेळ आहे. गूळ हे एक ठरलेलं रसायन नाही. ऊस कुठल्या जातीचा, रानाला खत कोणतं, गुऱ्हाळावर रस निवळायला भेंडीचा चीक घातला की आणखी काही, रंग उजळायला हायड्रॉसची पूड पडली का, यावर प्रत्येक ढेपेचा घटक बदलतो. मधाची भेसळ तर विचारूच नका. मध पातळ केला की आंबतो आणि मुंग्यांना लॅबचा पत्ता लगेच कळतो. हे सगळे प्रयोग लहान तुकड्यांवर झालेले आहेत. अख्ख्या आतड्याचं किंवा स्तनाचं गुळाच्या पाण्यात काय होईल हे या छायाचित्रांवरून कळत नाही, आणि ज्या प्रतिपिंड चाचण्यांवर आज कर्करोगाचे उपचार ठरतात, त्या पातळीवर गूळ उतरायचा आहे. तरीही मी या कामाला चेष्टेवारी नेणार नाही. शाळा-महाविद्यालयांत जीवशास्त्राच्या स्लाइड बनवायला, जिथे कुणाच्या उपचाराचा प्रश्न नाही, तिथे मुलांच्या नाकाखाली फॉर्मलिन धरण्यापेक्षा गुळाचं पाणी शंभर वेळा बरं. पुस्तकात त्याला वेगळं प्रकरण दिलं आहे ते म्हणूनच.

यातला एकही द्रव फॉर्मलिनची गादी सरळ का घेऊ शकत नाही, हे आता सांगायला हवं. आपल्याला जी ‘निरोगी पेशी’ आणि ‘कर्करोगाची पेशी’ ओळखता येते, ती फॉर्मलिनमध्ये आवळलेली, मेणात बुडवलेली, चार मायक्रॉनच्या कापात रंगवलेली पेशी आहे. जिवंत पेशी अशी दिसतच नाही. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक चित्र, परीक्षेतली प्रत्येक स्लाइड, जगभरच्या इस्पितळांच्या तळघरांतले कोट्यवधी मेणाचे ठोकळे, सगळे एकाच द्रवातून गेले आहेत. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगातली धुरकट काचेसारखी, रिकामी दिसणारी केंद्रकं ही तर बऱ्याच अंशी फॉर्मलिन आणि मेण यांचीच करामत. गोठवून कापलेल्या तुकड्यात ती नीट दिसत नाहीत. पण त्यांच्यावरून आपण निदान करतो.

प्रतिपिंडांच्या चाचण्यांची कथाही तीच. फॉर्मलिनने बांधलेल्या पुलांमुळे प्रतिपिंडांना त्यांची जागा सापडत नाही. १९९१ मध्ये शान-रोंग शी यांच्या गटाने कापलेल्या ऊती मायक्रोवेव्हमध्ये तापवून ती जागा पुन्हा उघडी करता येते हे दाखवलं. तेव्हापासून विकत मिळणारा जवळजवळ प्रत्येक प्रतिपिंड फॉर्मलिनमधल्या ऊतींवर, तापवून, पारखलेला असतो. स्तनाच्या कर्करोगासाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत तर नमुना उदासीन फॉर्मलिनमध्ये सहा ते बहात्तर तास असावा असं द्रवाचं नाव घेऊनच म्हटलं आहे. दुसरा द्रव वापरायचा तर लॅबने आपल्या प्रत्येक चाचणीची नव्याने पडताळणी करायची. ते खर्चिक आहे, कंटाळवाणं आहे, आणि त्यात चूक झाली तर ती रुग्णाच्या अंगाशी येते. म्हणून जग जागच्या जागी आहे. याला मी आळस म्हणणार नाही, पण त्यात आळसाचा अंश नाही असंही म्हणवत नाही.

बुस्सोलाती यांचंच दुसरं काम मला म्हणून अधिक कामाचं वाटतं. त्यांनी फॉर्मलिनच्या जागी काय घ्यायचं हा प्रश्न बाजूला ठेवून ते कुठे नकोच आहे, हे पाहिलं. शल्यक्रिया झाली की अवयव प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, यंत्राने हवा ओढून पिशवी सील करायची, चार अंश सेल्सिअसला ठेवायची आणि तशीच लॅबला पाठवायची. खाद्यपदार्थांच्या वेष्टनात वापरतात तेच तंत्र. २००८ मध्ये त्यांनी तोरिनोच्या मोठ्या इस्पितळातला हा अनुभव प्रसिद्ध केला. पिशवीत हवा नाही म्हणून ऊती सुकत नाहीत, थंडीमुळे विकरं सुस्तावतात, रंग ताजा राहतो. लॅबमध्ये तज्ज्ञ तो अवयव ताजाच कापतो, गाठीचा एक तुकडा जनुक तपासणीसाठी गोठवू शकतो आणि बाकीचे पातळ काप मोजून-मापून फॉर्मलिनमध्ये घालतो. थिएटरमध्ये फॉर्मलिनचा थेंब लागत नाही. बादल्या जातात. वर सांगितलेला आतून लाल स्तनही जातो, कारण फिक्सेशन कधी सुरू झालं याची नेमकी वेळ आता लॅबच्या हातात असते.

आपल्याकडे याला अडचणी आहेत. पिशवी एक-दोन दिवसांत लॅबला पोचली पाहिजे, वाटेत फ्रीज हवा, वीज जाता कामा नये. पण लसीची शीतपेटी आपण पाड्यापाड्यांवर पोचवतो. जिल्ह्याच्या एका लॅबला आसपासच्या पाच-सात थिएटरांतून रोज एक गाडी फिरवणं अशक्य कोटीतलं नाही. ते कुणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही, एवढंच. दुर्बिणीने काढलेल्या चिमूटभर तुकड्यांना ही पद्धत लागू नाही. त्यांना थेट द्रवच हवा. मग तो कारखान्यातून भरून आलेल्या, घट्ट झाकणाच्या छोट्या कुपीत असावा. ओतण्याचं काम थिएटरमधून गेलं की हवेत जाणाऱ्या वाफेतला मोठा भाग गेला. ग्रॉसिंगच्या टेबलाची हवा खाली ओढणारी जाळी, रसायनांना टिकणारे हातमोजे आणि वर्षातून एकदा हवेचं मोजमाप, यांत नवं काही नाही आणि नव्या द्रवांच्या चर्चेत तेच आधी विसरलं जातं.

शरीररचनाशास्त्राच्या शवगृहाबद्दल या पुस्तकात थोडंच आहे. तो वेगळा प्रांत आहे. सुश्रुतसंहितेत शव मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायचं आणि मग कुंच्याने थर थर घासून पाहायचं, असं सांगितलं आहे. टिकवण्याच्या नेमकं उलट. आज ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या वाल्टर टिल यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात क्षार, बोरिक आम्ल आणि ग्लायकॉल यांच्या जोडीला फॉर्मलिन अगदी थोडं असतं आणि सांधे जिवंत माणसासारखे वळतात. शल्यक्रिया शिकायला ती उत्तम, खर्चाला मात्र भारी. ज्यांना यात रस आहे त्यांनी शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल.

बाकी वाचकांना एक विनंती. या पुस्तकातला कुठलाही द्रव आपल्या लॅबमध्ये करून पाहायचा असेल तर एकाच नमुन्याचे दोन सारखे काप घ्यावेत, एक नेहमीच्या फॉर्मलिनमध्ये आणि एक नव्या द्रवात. दोन्ही एकाच दिवशी, एकाच यंत्रात, एकाच मेणात न्यावेत. स्लाइडवर द्रवाचं नाव न लिहिता फक्त क्रमांक टाकावा आणि ज्याने काप घेतले त्याने त्या वाचू नयेत. साध्या रंगाईवर समाधान मानू नये, आपल्याकडे रोज होणाऱ्या प्रतिपिंड चाचण्याही त्यावर कराव्यात. मेणाचे ठोकळे वर्षभराने पुन्हा कापून बघावेत, कारण काही द्रवांची खरी परीक्षा साठवणीत होते. सुरुवात काढलेल्या टॉन्सिलपासून आणि वारेपासून करावी. त्या ऊती भरपूर मिळतात, त्यांत पेशींचे नाना प्रकार असतात, आणि सहसा त्यांच्या अहवालावर कुणाचे उपचार अडलेले नसतात.